डंडॉकचा नाताळ आणि एलियाहू हन्नाबीची खुर्ची



डंडॉक हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डब्लिन आणि बेलफास्ट या दोन शहरांच्या साधारण मध्यावर हे गाव आहे. २०२२ च्या जनगणनेत वस्ती त्रेचाळीस हजारांच्या आसपास. उत्तर आयर्लंडची सरहद्द इतकी जवळ की सकाळी पलीकडे जाऊन पौंडांत खरेदी करावी आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे. समुद्र आहे, पण आपल्या अलिबाग-नवगावसारखा नाही. ओहोटीला पाणी लांबवर मागे जाते आणि नुसता चिखल नि पक्षी उरतात. पाऊस मात्र कोकणाची आठवण करून देतो, फरक इतकाच की तो चार महिन्यांत आटपत नाही.

माझी मुलगी-जावई तिथे नोकरीनिमित्त राहतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत मी त्यांच्याकडे होते. त्या मुक्कामात नातीच्या शाळेत जे पाहिले, ते आपल्या लोकांना सांगावेसे वाटले. बालवाचकांनीही जरूर वाचावे, कारण यातली खरी मंडळी तुमच्याच वयाची आहेत.

युरोपियन कमिशनने २००५ साली ‘ई-ट्विनिंग’ नावाची एक योजना सुरू केली. निरनिराळ्या देशांतल्या शाळांनी कॉम्प्युटरवरून जोड्या जमवायच्या आणि मिळून काहीतरी करायचे. त्यात नाताळची कार्डे एकमेकांना पाठवणे हा मास्तर-बाईंचा फार आवडता उद्योग आहे. वीस-पंचवीस शाळांचा एक गट होतो. प्रत्येक वर्गाने हाताने कार्डे करायची, आपल्याकडे सण कसा करतात ते चार ओळींत लिहायचे आणि साध्या टपालाने धाडायचे. डिसेंबर उजाडला की पोस्टमन रोज एखादे जाड पाकीट आणतो, नि वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात एक टाचणी वाढते.

नात दहा वर्षांची. तिच्या वर्गातही हा उद्योग होता. बाईंनी नियम एकच घातला होता: ज्याच्या घरी जे खरोखर करतात तेच लिहायचे. आयरिश मुलांनी आयरिश रीती वाटून घेतल्या. कुणी खिडकीतली मेणबत्ती घेतली. कुणी २६ डिसेंबरचा ‘रेन डे’ घेतला, ज्यात पोरे गवताचे मुखवटे घालून, काठीला खोटा पक्षी बांधून, वाजतगाजत घरोघर पैसे मागत फिरतात. (आपल्या होळीच्या पोस्ताची आठवण झाली मला.) एका मुलीने ६ जानेवारीचा ‘बायकांचा नाताळ’ लिहिला. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी मैत्रिणींबरोबर बाहेर पडायचे. हा सण आपल्यात का आला नाही कोण जाणे.

शाळा कॅथलिक. आयर्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा तशाच आहेत, त्यामुळे निवडीला फार वाव नसतो. पण त्यांच्या १९३७ च्या राज्यघटनेत कलम आहे, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कोणाही मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला न बसता शिकण्याचा हक्क आहे. त्याच घटनेत देशातल्या मान्य धर्मसंस्थांची नावे दिली होती आणि त्यात ज्यू मंडळींचा स्पष्ट उल्लेख होता! १९३७ साली युरोपात काय चालले होते ते आठवा, म्हणजे या ओळीचे मोल कळेल. पुढे १९७२ च्या सार्वमताने ती सगळी यादीच काढली, कॅथलिक चर्चच्या खास स्थानासकट. इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झालेले खाईम हर्झोग बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनमध्ये वाढले, त्यांचे वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी होते, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक असेलच.

नात धर्माच्या तासाला मागच्या बाकावर बसून पुस्तक वाचते. नाताळच्या नाटकात मात्र ती हौसेने उतरली. गंमत पाहा, त्या नाटकात मिर्याम यहुदी, योसेफ यहुदी, मेंढपाळ यहुदी, बाळ तर यहुदीच. आणि सगळ्या वर्गात खरी यहुदी एकटी आमची पोर, तिला काम मिळाले गाढवाचे. जावई दोन दिवस हसत होते. तिने मात्र काम चोख केले.

कार्डाच्या बाबतीत अडचण आली. “ज्याच्या घरी जे करतात तेच” म्हटल्यावर आमच्या नातीने काय लिहायचे? बाई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, तू हनुका लिही. ती संध्याकाळी घरी आली नि मला विचारते, “आजी, हॅपी हनुका मराठीत कसं म्हणायचं?” प्रत्येक मुलाने घरच्या भाषेतही शुभेच्छा लिहायच्या होत्या ना! मी विचार करत बसले. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, किप्पूर म्हणजे दरफळणीचा सण, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण, हे सगळे जिभेवर आहे. हनुकाला आपल्या आज्या-पणज्यांचा मराठी शब्दच नाही.

नाही, कारण आपल्या पूर्वजांना हनुका माहीतच नव्हता. खाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा जो इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला (छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवला), त्यात यावर भर आहे. आपली माणसे मायभूमीतून निघाली ती मक्काबींच्या विजयाआधी, म्हणून तो सण त्यांच्यासोबत आला नाही, असा हा तर्क. तर्क खरा-खोटा पंडितांनी ठरवावा. पण हनुकाच्या दिव्यांची रीत आपल्याला उशिरा, बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून मिळाली, हे नक्की. आज इस्राएलमध्ये आपण सुफगानियोत खातो, हनुकिया लावतो, मलाही आवडते. परंतु “नाताळच्या जागी ज्यूंचा हनुका” अशी जी जोडी जगभर लावतात, ती मला कधीच पटली नाही. कॅलेंडरात शेजारी आले म्हणून दोन सण भाऊ होत नाहीत.

मुलीचे मत तिसरेच. ती म्हणाली, “आई, हनुका नको नि काही नको. दिवाळी लिहू दे. आपण इंडियन, मुलांना दिवाळी माहीत आहे, कोणी काही विचारणार नाही.”

कोणी काही विचारणार नाही. यामागे काय होते ते वेगळे सांगायला नको. ७ ऑक्टोबर २०२३ नंतरचे दिवस. गाझाच्या युद्धावरून आयर्लंडमध्ये मोर्चे, भाषणे चालू होती, आणि मी तिथे असतानाच डिसेंबर २०२४ मध्ये इस्राएलने डब्लिनमधली आपली वकिलात बंद करण्याचे जाहीर केले. शेजाऱ्यांनी आम्हाला कधी वेडावाकडा शब्द बोलला नाही, हेही खरे सांगितले पाहिजे. उलट मी आल्याचे कळताच शेजारीण सोडा-ब्रेड घेऊन आली. पण मुलीला वाटायचे, आपण होऊन विषय कशाला काढा. आणि दिवाळी काही खोटी नव्हती. माझगावला आमच्या चाळीत आम्हीही कंदिलाखाली उभे राहून फुलबाज्या उडवल्या आहेत. मात्र ती शेजाऱ्यांची दिवाळी होती, आमच्या घरात फराळाचे ताट यायचे.

ताटावरून आठवले. माझगाव-भायखळ्याला जे राहिले आहेत त्यांना सांगायला नको, नाताळात माथारपाखाडीत काय रोषणाई असे. खिडकी-खिडकीत कागदी चांदणी, दारात गोठा. आमच्या शेजारची ख्रिस्ती मावशी नेवऱ्या नि कलकल करायची तेव्हा पहिला घाणा आमच्यासाठी, नव्या तेलात, वेगळा तळायची. आमच्या आईला चरबी चालत नाही हे तिला कोणी दरवर्षी सांगावे लागत नसे. आणि ते ताट रिकामे परत करायचे नाही हा नियम. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालून द्यायची. एलियाहू हन्नाबीचा मलिदा घरी झाला की आमचे ताट तिच्याकडे जायचे. तिने कधी विचारले नाही की हा तुमचा नाताळ का. मलिदा तो मलिदा.

मी मुलीला एवढेच म्हटले की पोर ताट नेते आहे, त्यात दुसऱ्याच्या घरचे काय म्हणून घालायचे? मुलगी काही बोलली नाही. मग नातीलाच विचारले, आपल्या घरात तुला सगळ्यांत काय आवडतं? ती म्हणाली, “मलिदा. आणि ती खुर्ची.”

छोट्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक नसेल तर सांगते. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, नि भोवती फळे. नवस फिटला, लग्न ठरले, कोणी दुखण्यातून उठले, की एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन मलिदा करायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी तिथून रथातून आकाशात गेले, त्या घोड्यांच्या टापांच्या नि चाकांच्या त्या खुणा, अशी आपल्या लोकांची श्रद्धा. जगातले सगळे यहुदी एलियाहूला मानतात, पण घोड्यासकट कोकणात उतरवला तो आपणच. खुर्चीचे म्हणाल तर मुलाच्या मिलाला एक खुर्ची त्यांच्यासाठी मांडून ठेवतात. नातीच्या धाकट्या भावाच्या वेळी डंडॉकच्या घरात जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घेऊन तिच्यावर पांढरी चादर घातली होती. मोहेल बाहेरदेशातून विमानाने आणावा लागला.

मग दोन रविवार आम्ही आजी-नात कागद कातरत बसलो. तिने प्रत्येक कार्डावर एक खुर्ची, एक ताट आणि एक घोडा काढला. घोडा कुत्र्यासारखा दिसत होता, पण ते असो. मजकूर तिचा तिने इंग्रजीत लिहिला: आम्ही यहुदी आहोत, आमचे लोक फार वर्षांपूर्वी भारतात आले, आम्हाला देवाचे आभार मानायचे असतात तेव्हा आम्ही मलिदा करतो आणि जो पाहुणा कधीही येऊ शकतो त्याच्यासाठी खुर्ची ठेवतो. खाली देवनागरीत, माझ्याकडून गिरवून घेतलेले, ‘सणाच्या शुभेच्छा’. मुलीने कामावरून आल्यावर एक कार्ड उचलून वाचले, पुन्हा वाचले, एका शब्दाचे स्पेलिंग दुरुस्त केले नि चहा टाकायला गेली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कार्डात भारत होता, आयर्लंड होते. आजी कुठून आली आहे ते नव्हते. कोणी तिला गाळायला सांगितले नव्हते. दहा वर्षांच्या मुलीने तेवढे आपले आपण ठरवले होते. मी विचारले नाही, पण मला ते लागले, आणि अजून लागते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून उलट टपालाने कार्डे येऊ लागली आणि एके दिवशी बाईंनी मला वर्गात बोलावले. सगळी सांगत बसले तर अंक पुरणार नाही. ग्रीसच्या मुलांनी गलबत काढले होते. तिथे झाडाऐवजी गलबत सजवायची जुनी रीत आहे, आणि पोरे लोखंडी त्रिकोण वाजवत दारोदार गाणी म्हणतात. स्पेनच्या कार्डावर माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुले होती. २२ डिसेंबरला देशाची मोठी लॉटरी निघते, तिचे आकडे त्या शाळेची मुले गाऊन सांगतात नि सगळा देश कान लावून बसतो! बार्सिलोनाकडच्या एका शाळेने लाकडाचा ओंडका काढला होता. त्याला डोळे, नाक, अंगावर घोंगडी. मुले त्याला बरेच दिवस खाऊ घालतात, आणि नाताळाला काठीने बदडतात, म्हणजे तो मिठाई ‘देतो’. कशी देतो ते त्याच्या नावातच आहे. ते नाव या पत्रिकेत छापण्यासारखे नाही, पण वर्ग हसून लोळत होता. इटलीत चेटकिणीसारखी दिसणारी एक म्हातारी, बेफाना, ६ जानेवारीला झाडूवरून येऊन खाऊ टाकते. स्वीडनच्या मुलींनी डोक्यावर दिवे घेतलेली लुसिया पाठवली होती.

जर्मनीच्या कार्डापाशी मी थांबले. चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे, दर रविवारी एक अधिक लावायची. बाईंनी त्याची हकीकत सांगितली. १८३९ साली हॅम्बुर्गला योहान हिन्रिक विकर्न नावाचे एक पाद्री गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. मुले रोज विचारून भंडावत, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोज एक लावायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येतील. मला लगेच आपली हिल्लेल आणि शम्माई यांची चर्चा आठवली. शम्माईंचे शिष्य म्हणत, हनुकाला आठांपासून सुरुवात करून रोज एक दिवा कमी करा. हिल्लेलचे म्हणत, एकापासून वाढवत न्या. आपण हिल्लेलचे ऐकतो. जर्मन पाद्र्याने ते वाचले होते की नाही कोण जाणे, पण वाट पाहणाऱ्या मुलाला दिवे वाढतानाच दिसले पाहिजेत, हे त्यालाही कळले होते.

आणि मग पोलंड. वर्गात तीन पोलिश मुले आहेतच. आयर्लंडमध्ये परदेशी नागरिकांत २०२२ च्या जनगणनेप्रमाणे सर्वांत मोठी संख्या त्यांची. तिथली मुख्य रात्र २४ डिसेंबरची. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायचे नाही. आपला शब्बाथ तीन चांदण्यांनी संपतो, त्यांचा सण एका चांदणीने सुरू होतो. मांसाशिवाय बारा पदार्थ, टेबलावरच्या कापडाखाली गवत. सुरुवातीला पिठा-पाण्याची, खमीर नसलेली, पापडाहून पातळ पोळी घेऊन प्रत्येकाने प्रत्येकाची मोडायची नि शुभेच्छा द्यायच्या. आणि टेबलावर एक ताट, एक खुर्ची रिकामी ठेवायची, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या कार्डावर नेमके तेच चित्र होते: रिकामी खुर्ची. बाईंनी काही न बोलता नातीचे कार्ड आणून त्याच्या शेजारी टाचले.

सुट्टी लागण्याच्या आठवड्यात मुलांनी घरचा खाऊ आणायचा होता. पोहे डंडॉकच्या भारतीय दुकानात मिळाले. शाळेत दाण्यांना बंदी आहे, कोणा मुलाला त्रास होतो म्हणून, तेव्हा बदाम-काजू-पिस्त्यांशिवायचा मलिदा. खोबऱ्याचेही आधी बाईंना विचारून घेतले. बेदाणे आणि खजूर जास्त घातले. हा नुसता खाऊ होता, विधी नव्हे, हे मी नातीला समजावून दिले. मिन्यान नाही, गीत नाही. फळांवरच्या बेराखा तेवढ्या तिने हळूच म्हटल्या. मुलांनी आधी वास घेतला. मग एका युक्रेनच्या मुलीने घास घेतला नि म्हणाली, हे आमच्या कुत्यासारखं आहे. (कुत्या हे पदार्थाचे नाव, हसू नये.) शिजवलेले गहू, मध, खसखस, बेदाणे, त्यांच्या नाताळच्या रात्रीचा पहिला घास त्याचा असतो. ती मुलगी युद्धामुळे आईबरोबर आली आहे. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणला, पण तिची आजी तिकडे अजून सातलाच करते, म्हणाली. पातेले धुवायला आले तेव्हा त्यात काही नव्हते.

त्या वर्षी योग असा आला की हनुकाची पहिली मेणबत्ती बरोबर २५ डिसेंबरच्या संध्याकाळी. आदल्या रात्रीपासून रस्त्यावरच्या खिडक्यांत दिवे होते. मिर्याम-योसेफला कुठे जागा मिळाली नाही, त्यांना इथे दार उघडे आहे, असा त्या दिव्याचा अर्थ. १९९० साली मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी आपल्या निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असाच दिवा ठेवला, देश सोडून परमुलखात गेलेल्या आयरिश लोकांसाठी. हे ऐकून आपल्यासारख्यांच्या पोटात कालवल्याशिवाय राहत नाही. मुलगी एरवी हनुकिया मागच्या खोलीत लावते. त्या दिवशी तिने ती रस्त्याकडच्या खिडकीत आणली, पडदा मात्र अर्धा ओढला. मी म्हटले नाही काही.

जानेवारीत, मी निघायच्या आठवडाभर आधी, पोलंडच्या त्याच वर्गाकडून परत पाकीट आले. कार्डांना कोणी उत्तर पाठवत नाही, यांनी पाठवले होते. मुलांनी प्रश्न लिहिले होते. घोडा कोणाचा? मलिद्यात खोबरे नसले तर चालते का? आणि एकाने विचारले होते, आमच्या खुर्चीवर आजपर्यंत कोणी येऊन बसले नाही, तुमच्या खुर्चीवर कधी कोणी बसले आहे का?

नात माझ्याकडे आली. मी तिला म्हटले, आठव, मिलाच्या दिवशी बाळाला आधी कुठे ठेवतात? तिला आठवले. तिने लिहिले: “हो. माझा भाऊ बसला होता. तो आठ दिवसांचा होता आणि खूप रडला.”